दूरवरच्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना : अध्यापकाचार्यांसाठी डिजिटल साधनांची मार्गदर्शिका

पुण्यातल्या एका अध्यापक विद्यालयात अध्यापकाचार्य म्हणून, म्हणजे भावी शिक्षकांना शिकवत असताना रत्नागिरी, नंदुरबार, लातूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या सहकाऱ्यांबरोबर मी एक काम केले. छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या, आंतरवासितेसाठी (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी) मार्गदर्शिका आणि तिच्यासोबत पाठ निरीक्षणाची पत्रिका, असे त्या कामाचे स्वरूप होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासिता किमान २० आठवड्यांची झाली. तेव्हापासून छात्राध्यापक शाळेत जास्त आणि आमच्या नजरेसमोर कमी असतात. त्यांच्या पाठांकडे कसे पाहावे, याबद्दल निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या लोकांनी एकत्र विचार करावा, ही गरज त्यातूनच निर्माण झाली. पुण्याहून गडचिरोलीला जायचे म्हटले तर एक अख्खी रात्र आणि पुढच्या दिवसाचा बराचसा भाग प्रवासात जातो, त्यामुळे वर्षातून एकदा भेटणेही कठीण होते. आम्ही सात जण होतो आणि पहिले तीन महिने साधनांशी झगडण्यातच गेले. ते तीन महिने तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख लिहीत आहे.

१. साधन ठरवण्याआधी प्रत्येकाची परिस्थिती विचारा

आपल्याकडे बहुतेक गट ‘कोणते ॲप वापरायचे’ या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि ज्याचे इंटरनेट उत्तम असते त्याचीच निवड सगळ्यांवर लादली जाते. पुण्यात घरी फायबरची जोडणी असलेल्या माणसाला जे सहज वाटते, ते नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगराळ भागात शाळाभेटी करणाऱ्या सहकाऱ्याला अशक्य असू शकते. म्हणून प्रत्येकाला स्वतः फोन करा. गटावर प्रश्नावली टाकली तर अडचण असलेली माणसे ती भरत नाहीत, किंवा ‘चालेल सर’ एवढेच लिहून मोकळी होतात. फोनवर मात्र खरी माहिती मिळते. काम संगणकावर करणार की फोनवर, रेंज घरी चांगली असते की संस्थेत, वीज कोणत्या वेळी जाते, मराठी टंकलेखन कसे करता, संगणक स्वतःचा आहे की कार्यालयात चौघांत एक, आणि संध्याकाळी घरची कामे आटोपून किती वाजता मोकळे होता, एवढे तरी विचारायलाच हवे.

यावरून आम्ही एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला : ज्याची रेंज सर्वांत कमी, त्याला जे जमेल तेच साधन सर्वांनी वापरायचे. या नियमामुळे आमच्या यादीतली अर्धी आकर्षक साधने पहिल्याच आठवड्यात गळाली. रंगीत चिठ्ठ्यांच्या भिंतीसारखे फलक, एकत्र चित्र काढण्याचे पांढरे फळे, अशी साधने चांगलीच आहेत, पण ती जुन्या फोनवर उघडायला वेळ घेतात आणि त्यांच्यावाचून आमचे काही अडले नाही.

सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी प्रत्येकाजवळ असाव्यात :

– नियमित वापरातले, स्वतःचे गूगल खाते आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून सुरक्षित ठेवलेला;
– फोनवर गूगल डॉक्स आणि ड्राइव्ह ही ॲप्स;
– युनिकोड (कोणत्याही संगणकावर किंवा फोनवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) मराठी टंकलेखनाची सोय;
– माइक असलेला साधा वायरचा इअरफोन;
– संस्थाप्रमुखांचे, या कामात सहभागी होण्यास परवानगी देणारे पत्र.

शेवटची बाब अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु शाळेत चित्रीकरण करायचे असेल किंवा बैठक कार्यालयीन वेळेत येत असेल, तर हे पत्र नसल्याने सहकाऱ्याची अडचण होते आणि तो संकोचाने आपल्याला सांगतही नाही.

२. कामाची प्रत एकच ठेवा, आणि ती कोणाच्या मालकीची हे आधी ठरवा

मसुदा ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने फिरवू नका. सात जणांनी आपापल्या प्रतीत बदल केले की ते एकत्र करायला आठवी व्यक्ती लागते. गूगल डॉक्समध्ये एकच दस्तऐवज ठेवावा आणि सर्वांनी त्यातच लिहावे. फोनवर त्या दस्तऐवजासाठी ऑफलाइन वापराचा पर्याय सुरू करून ठेवला की रेंज नसतानाही लिहिता येते आणि रेंज आल्यावर बदल आपोआप चढतात. संगणकावर मात्र ही सोय ब्राउझरमध्ये वेगळी सुरू करावी लागते आणि ती रेंज असतानाच करावी लागते, हे ध्यानात ठेवा.

मालकीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. आमची निरीक्षणांची एक संपूर्ण फाइल एका सहकाऱ्याच्या संस्थेने दिलेल्या खात्यावर तयार झाली होती. त्यांची बदली झाली, काही महिन्यांनी संस्थेने ते खाते बंद केले आणि फाइल उघडेनाशी झाली. चाळीसेक पाठांची निरीक्षणे त्यात होती आणि त्यांतली जेमतेम निम्मी आम्हाला लोकांच्या वह्यांतून पुन्हा जमवता आली. ड्राइव्हवरची फाइल ज्याने तयार केली त्याच्या मालकीची असते, इतरांना केवळ तिच्यात प्रवेश असतो. बदल्या, सेवानिवृत्ती आणि प्रतिनियुक्ती आपल्या क्षेत्रात नेहमीच्याच आहेत, म्हणून कामासाठी एक स्वतंत्र गूगल खाते काढावे, त्याची माहिती दोन जबाबदार सदस्यांकडे असावी आणि सर्व फाइल्स त्याच खात्यावर तयार कराव्यात. अशा मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, जी लिखित कामाला पुरून उरते पण चित्रफितींनी लवकर भरते. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते, तेव्हा काम संपल्यावरही अधूनमधून त्या खात्यात जाऊन यावे.

तुमच्या संस्थेकडे गूगल वर्कस्पेसची शैक्षणिक आवृत्ती असेल, तर तिच्यातील ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये फाइल कोणा एका व्यक्तीची न राहता संस्थेची राहते. ही सोय उत्तम आहे. बाहेरच्या सदस्यांना तिथे प्रवेश देता येतो का, हे संस्थेतील जबाबदार व्यक्तीला आधी विचारून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी तो बंद ठेवलेला असतो.

प्रवेश देताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडण्याचा मोह होतो, कारण त्यात कोणाचा ईमेल विचारावा लागत नाही. मसुद्यापुरते ते एक वेळ चालेल, पण ज्या फाइलमध्ये छात्राध्यापकांची नावे, गुण किंवा मुलांचे काम आहे तिथे प्रत्येक सदस्याचा ईमेल घालूनच प्रवेश द्या.

३. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा

ही पायरी मला फार तळमळीने सांगायची आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आपले बत्तीस पानी प्रकरण अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपी केंद्रातून टंकलिखित करून घेतले. ते जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होते. त्यांच्या मुद्रित प्रतीत सारे सुरेख दिसत होते, पण आमच्यापैकी कोणाच्याही संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा ढीग दिसे. फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणला तेव्हा अनेक जोडाक्षरे फुटली, रफार भलत्याच अक्षरावर गेले आणि एकेक ओळ मुद्रित प्रतीशी ताडून पाहावी लागली. त्यात एका सहकाऱ्याची दिवाळीची अर्धी सुट्टी गेली.

टंकलेखनासाठी संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, आणि स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची रचना असल्याने तो पंधरा-वीस दिवसांच्या सरावात हाती बसतो. फोनवर जीबोर्डसारख्या कळफलकात मराठी भाषा जोडली की रोमन अक्षरांत टंकूनही देवनागरी मिळते. ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय आता मराठीतही बरीच चांगली चालते. मात्र विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताने नीट करावे लागतात.

एक बारीक अडचण सहसा कोणी सांगत नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला ‘ऱ’ दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात, त्यामुळे एका पद्धतीने टंकलेला शब्द शोधला तर दुसऱ्या पद्धतीचा सापडत नाही. शब्दसूची करताना किंवा एखादी संज्ञा सर्वत्र बदलताना अशा शब्दांचा शोध दोन वेळा घ्या. याच प्रकारे, गूगल फॉर्ममध्ये संख्या भरायच्या असतील तर त्या इंग्रजी आकड्यांत भरण्याची सूचना आधीच लिहा, अन्यथा तक्त्यात बेरीज करताना देवनागरी आकडे मजकूर समजून वगळले जाण्याचा धोका असतो.

४. दुसऱ्याच्या लेखनाला हात लावताना

गूगल डॉक्समध्ये ‘सजेस्टिंग’ नावाची पद्धत आहे. ती निवडली की तुम्ही केलेला बदल मूळ मजकूर न पुसता रंगीत सूचनेच्या रूपात दिसतो आणि मूळ लेखक तो स्वीकारतो किंवा नाकारतो. प्रत्येक गटाला मी हीच पद्धत सक्तीची करायला सांगेन, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. आपल्याकडे वयाचा आणि पदाचा मान राखला जातो. नव्याने रुजू झालेली अध्यापकाचार्य वीस वर्षे सेवा झालेल्या सरांचे वाक्य खोडणार नाही, मग ते वाक्य चुकीचे असले तरी. आमच्या पहिल्या मसुद्यात हेच होत होते, सगळे ‘छान झाले आहे’ असे लिहीत होते. सूचना म्हणून लिहायची मुभा मिळाल्यावर आमच्यातल्या एका नव्या मॅडमनी एका ज्येष्ठ सरांच्या परिच्छेदाच्या समासात लिहिले, “सर, इथे ‘विद्यार्थ्यांना प्रेरित करावे’ असे आहे, पण छात्राध्यापकाने नेमके काय करायचे ते कळत नाही. एखादा प्रसंग घालू या का?” सरांनी दुसऱ्याच दिवशी प्रसंग घातला, आणि माझ्या मते तो पूर्ण मार्गदर्शिकेतील सर्वांत उपयुक्त परिच्छेद आहे.

टिप्पणी लिहिताना ती कोणासाठी आहे हे ॲटच्या चिन्हापुढे त्या व्यक्तीचा ईमेल घालून स्पष्ट करा, म्हणजे त्यांना सूचना जाते. टिप्पणी ‘रिझॉल्व्ह’ करण्याचा अधिकार ज्याने ती लिहिली त्याचाच, असा संकेत ठेवा, नाहीतर चर्चा अर्धवट असतानाच ती नजरेआड होते. चुकून काही पुसले गेलेच तर घाबरून जाऊन त्या जागी काही टंकू नका. ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये जाऊन आदल्या दिवशीची प्रत परत आणता येते, आणि हे प्रत्येक सदस्याला पहिल्याच आठवड्यात एकदा प्रत्यक्ष करून दाखवलेले असावे.

५. दुरून एकत्र पाठ पाहणे

अध्यापकाचार्यांच्या सहकार्यात मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हा आहे, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहितो.

पद्धत अशी : एका छात्राध्यापकाच्या पाठाचा पाच ते सात मिनिटांचाच तुकडा निवडायचा, तो सर्वांनी आपापल्या सोयीने पाहायचा, आणि वेळेच्या नोंदीसह निरीक्षणे लिहायची. महत्त्वाची अट ही, की पहिल्या फेरीत कोणी कोणाचे वाचायचे नाही. प्रत्येकाने आपल्या वेगळ्या फाइलमध्ये लिहावे आणि ठरलेल्या दिवशी समन्वयकाने ती सर्व एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडावीत. एकाच फाइलमध्ये लिहिले तर पहिल्याचे मत वाचून बाकीचे त्याच दिशेने पाहू लागतात.

इयत्ता तिसरीच्या वजाबाकीच्या एका पाठाचे उदाहरण देतो. फळ्यावर ३२ मधून १७ वजा करायचे होते आणि एका मुलीने उत्तर लिहिले २५. सातातून दोन गेले पाच, तिनातून एक गेला दोन, असा तिचा हिशोब उघड दिसत होता. छात्राध्यापक म्हणाला, “पुन्हा एकदा करून बघ,” आणि पुढच्या मुलाकडे वळला. चित्रफितीतल्या चार मिनिटे बारा सेकंदांवरच्या या क्षणाबद्दल मी लिहिले होते, ‘चूक सौम्यपणे निदर्शनास आणली.’ रत्नागिरीच्या सरांनी लिहिले होते, ‘मुलीला विचार करायला वेळ दिला नाही.’ नंदुरबारच्या ताईंनी मात्र लिहिले होते, की मुलगी जागेवर बसता बसता शेजारणीला पावरीत (नंदुरबारकडच्या एका आदिवासी भाषेत) म्हणाली, ‘दोनातून सात जातच नाहीत.’ म्हणजे अडचण कुठे आहे हे तिला नेमके कळले होते, दशक सुटा करण्याची पायरी तेवढी तिच्याजवळ नव्हती, आणि वर्गात ते ऐकून समजणारे कोणी नव्हते. चित्रफितीतला तो आवाज आम्हा सर्वांच्या कानांवर पडला होता. आमच्यापैकी सहा जणांना तो गलका वाटला होता. पाठ निरीक्षण पत्रिकेत ‘मुले आपसात काय बोलतात’ हा रकाना त्यानंतर आला.

आता खबरदारीबद्दल. पाठाच्या चित्रीकरणात मुले असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. चित्रीकरणापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचे मराठीतील संमतिपत्र आणि छात्राध्यापकाची स्वतःची संमती, अशी तीन कागदपत्रे घ्या. संमतिपत्रात चित्रफीत कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि केव्हा पुसणार, हे स्पष्ट लिहा. शक्य तिथे कॅमेरा वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे फळा आणि शिक्षक दिसतात आणि मुलांचे चेहरे कमी येतात. चित्रफीत यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवणे सोपे असते, पण दुवा हाती लागलेला कोणीही ती पाहू शकतो, म्हणून ती ड्राइव्हवर, ठरावीक ईमेलांनाच प्रवेश देऊन आणि डाउनलोड बंद करून ठेवावी.

फाइल लहान करणेही आवश्यक आहे. फोनवर साधारण दर्जात केलेले सात मिनिटांचे चित्रीकरणही काहीशे एमबींचे होऊ शकते. हँडब्रेक हे मोफत साधन वापरून ते ४८०पी दर्जात आणले तर फळा वाचता येतो आणि कमी रेंजवरही पाहता येते. आवाजाचा दर्जा मात्र कमी करू नका, कारण वजाबाकीच्या त्या पाठातले सारे महत्त्वाचे आवाजातच होते.

६. ऑनलाइन बैठक

बैठक ही निर्णयासाठी असते, वाचनासाठी नसते. मसुदा बैठकीत पडद्यावर दाखवून वाचत बसलात तर तासभर कसा गेला ते कळणार नाही. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांत. आम्ही मीट निवडले आणि बैठक ५० मिनिटांचीच ठेवली. विषयपत्रिकेत तीनपेक्षा अधिक विषय घेतले नाहीत.

सुरुवातीच्या नमस्कारानंतर सर्वांनी कॅमेरे बंद करावेत, त्याने कमी रेंजच्या सहकाऱ्याचा आवाज तुटत नाही. ज्याची रेंज सर्वांत कमी आहे त्याला प्रथम बोलू द्या, कारण तो अर्ध्यातून बाहेर फेकला जाण्याची शक्यता असते आणि मग त्याचे मत राहूनच जाते. एका सदस्याने बोलणे चालू असतानाच सामायिक दस्तऐवजात निर्णय टंकत जावेत, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला वाचता येते. वार ठरवतानाही विचार करा : पुण्यात देखभालीच्या कामासाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, त्यामुळे आम्ही गुरुवार टाळला, आणि इतर गावांचे असे वार विचारून घेतले. राउटर इन्व्हर्टरवर जोडलेला आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

७. व्हॉट्सअ‍ॅप कशासाठी आणि कशासाठी नाही

व्हॉट्सअ‍ॅपचा गट लागतोच. बैठकीची आठवण, रेंज नसल्याचा निरोप आणि दस्तऐवजाचा दुवा, एवढ्यापुरता तो ठेवा. आशयावरची चर्चा तिथे सुरू झाली की समन्वयकाने नम्रपणे “हे दस्तऐवजात टिप्पणी म्हणून लिहाल का?” असे विचारावे. शुभेच्छांसाठी वेगळा गट काढलेला बरा. छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिचा दर्जा घटतो आणि वहीवरचे मुलांचे अक्षर वाचता येत नाही.

८. श्रेय, हक्क आणि अंतिम प्रत

कोणाचे नाव कोणत्या क्रमाने येणार, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवा. शेवटी हा विषय काढणे सर्वांनाच जड जाते. आम्ही आडनावांचा अकारविल्हे क्रम घेतला आणि कोणी कोणते प्रकरण लिहिले ते वेगळे नोंदवले. साहित्य इतरांना मुक्तपणे वापरता यावे असे वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना पहिल्या पानावर छापा. श्रेय देऊन कोणीही वापरावे आणि बदलून पुढे देताना तोच परवाना ठेवावा, असा त्यातील एक प्रकार आहे आणि प्रशिक्षण साहित्याला तो योग्य वाटतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात, तेव्हा पान स्कॅन करून चिकटवण्याऐवजी इयत्ता, पाठाचे नाव आणि पान क्रमांक द्यावा.

दर महिन्याच्या शेवटी सर्व दस्तऐवज वर्ड आणि पीडीएफ या दोन्ही स्वरूपांत उतरवून दोन वेगवेगळ्या गावांतील सदस्यांच्या पेनड्राइव्हवर ठेवा. अंतिम पीडीएफ पाठवण्यापूर्वी ती गटातील सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहा. आमच्या बाबतीत तो फोन लातूरच्या सरांचा होता. त्यांनी पान चौदावरचा तक्ता पडद्याबाहेर जात असल्याचे कळवले, आणि तो शेजारी शेजारी रकान्यांऐवजी एकाखाली एक ओळींत मांडल्यावरच आम्ही मार्गदर्शिका शाळांकडे रवाना केली.